आप्पांच्या पुस्तकाचा दुसरा भाग

माझ्या वडिलांनी दोन पुस्तकं लिहिली. पहिलं चांगलं होतं. दुसरं वाईट होतं, आणि ते किती वाईट आहे हे छापून येण्याआधी घरात फक्त मला माहीत होतं, कारण छापखान्याकडे पाठवायची स्वच्छ प्रत मीच करत होते. तेव्हा मी चौदा वर्षांची होते.

आप्पा जंगल खात्यात कारकून होते. म्हसावद मागे टाकून डोंगराकडे निघालं की पायथ्याशी एक गाव लागतं, तिथे त्यांची कचेरी होती आणि कचेरीच्या मागे आमचं दोन खोल्यांचं सरकारी घर. ओसरीत बसलं की समोर सातपुडा. पण आप्पा त्या डोंगरात फारसे गेलेच नव्हते. नोकरीच्या पहिल्या वर्षी साहेबांबरोबर एकदा मुक्कामाला गेले, हिवताप घेऊन परत आले, आणि त्यानंतर त्यांचं जंगल कागदावरच राहिलं. साग किती तोडला, गुरं किती चरली, बांबूचा पास कोणाला दिला, एवढंच त्यांचं जंगल. अक्षर मात्र मोत्यासारखं. साहेबांचे सगळे हुकूम त्यांच्याच हातचे असत.

पहिलं पुस्तक झालं ते डोंगरातल्या एका पावरा आदिवासी म्हाताऱ्यामुळे. घराच्या आढ्यासाठी त्याने एक साग तोडला होता आणि त्याच्यावर खटला झाला होता. आप्पांनी त्याला अर्ज लिहून दिला, साहेबांकडे शब्द टाकला, आणि खटला मिटला. तेव्हापासून तो दर बाजाराच्या दिवशी आमच्या ओसरीवर येऊन बसू लागला. उंच, वाळका, एका डोळ्यात फूल पडलेलं. घरी तो पावरी बोलायचा, आमच्याशी मोडक्या अहिराणीत. आप्पांना तो भाऊसाहेब म्हणायचा आणि मला नुसतं बाई. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन.

एकदा आप्पांनी सहज विचारलं, उन्हाळ्यात नदी आटली की तुम्ही डोंगरात पाणी कुठून आणता. म्हाताऱ्याने ओसरीच्या मातीत बोटाने नदीचं वळण काढलं आणि मलाच विचारलं, "बाई, पानी कोठे दपस?" पाणी कुठे लपतं. मी वळणाच्या मध्यावर बोट ठेवलं. त्याने मान हलवली आणि वळणाच्या बाहेरच्या काठाखाली, जिथे नदी जमीन खाते, तिथे टिचकी मारली. तिथली वाळू हातभर उकरायची, मग थांबायचं, घाई करायची नाही. पहिलं पाणी गढूळ येतं ते फेकायचं.

त्या दिवशी आप्पांनी पेन्सिलने ते टिपून घेतलं. मग दर बाजाराला टिपू लागले. कोणता कंद उकडून खायचा, कोणता तीन पाणी बदलून. पहाटे मोहाखाली फुलं वेचायला जायचं तर आधी खाकरायचं, कारण तिथे अस्वल आलेलं असतं आणि त्याला ऐकू कमी येतं. अस्वल समोर आलंच तर काय करायचं, हे मी तीन-चार वेळा विचारलं असेल. तो प्रत्येक वेळी त्याच शब्दांत सांगायचा.

"पळानं नही. उभं ऱ्हावानं. त्याले सांगानं, मी जाई ऱ्हायनू, तू बी जाय." मी निघालोय, तूही जा.

"आन ते नही गयं ते?" मी विचारायची.

"जास. माणूस पळस म्हनीसन ते धावस."

त्या टिपणांतून आप्पांनी गोष्ट रचली. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात चुकलेले एक भाऊ-बहीण डोंगरात शिरतात आणि पावसाळ्यापर्यंत तिथे जगतात. गोष्टीत एक म्हाताराही होता. तो क्वचित दिसायचा, कमी बोलायचा, आणि मुलांना हातात काही न देता स्वतःच शोधायला लावायचा. पुण्याच्या एका प्रकाशकाने ते छापलं. पुस्तकांची पेटी आली तो दिवस मला आठवतो. आईने पेटीला हळदकुंकू लावलं. पुस्तकावर आप्पांचं नाव होतं. म्हाताऱ्याचं नाव कुठेच नव्हतं, आणि तेव्हा ते आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

मग मुलांची पत्रं येऊ लागली. साताऱ्याहून, नागपूरहून, बडोद्याहून. आमच्या शाळेत मास्तरांनी ते वर्गात वाचून दाखवलं. नदीच्या वाळूत पाणी शोधण्याचं पान आलं त्या दिवशी मधल्या सुट्टीत पोरं खरंच नाल्यात जाऊन उकरत बसली. पत्रांत सगळ्यांचं एकच मागणं असे. पुढे काय झालं? ती मुलं घरी गेली का? म्हाताऱ्याचं काय झालं? पुस्तकाच्या शेवटच्या पानावर 'दुसरा भाग लवकरच' असं छापलेलं होतं. मीसुद्धा वाट बघत होते. आप्पांना रोज विचारून मी भंडावलं होतं.

पुढच्या वर्षी पावसाळा संपला आणि म्हातारा यायचा थांबला. दोन बाजार गेले, तीन गेले. मग आमच्याकडे गवताचा भारा घेऊन येणाऱ्या एका माणसाने सांगितलं की तो मेला. कोणी पाहुणे साहेब शिकारीला आले होते, त्यांच्या हाक्याला, रान उठवायला, त्याच्या पाड्यावरची माणसं नेली होती, तिथे अस्वलाने त्याला फाडलं. चार दिवस जिवंत होता म्हणे.

आई भाकरी थापत होती, ती थांबली. आप्पा उठून कचेरीत गेले, त्या दिवशी कचेरीला सुट्टी असूनही. मी रडले, पण तेव्हा त्यांच्याकडे नीट पाहिलं नाही. मला एवढंच कळलं की आता ओसरीवर कोणी येणार नाही.

प्रकाशकाची पत्रं येत राहिली. वर्ष गेलं, दीड वर्ष गेलं. विलायतेत लढाई सुरू झाली होती, कागद मिळेनासा होईल, आत्ताच हस्तलिखित पाठवा असं त्यांनी कळवलं, आणि आप्पा एकदम लिहायला बसले. पहिलं पुस्तक त्यांनी दोन वर्षं लिहिलं होतं. दुसरं सहा आठवड्यांत झालं. रोज संध्याकाळी कचेरीतून आले की चहा घेऊन लिहीत, आणि सकाळी ती पानं माझ्यापुढे ठेवत. माझं अक्षर त्यांच्यासारखंच वळणदार होतं. मी शाळेतून आल्यावर दौत घेऊन बसायची.

पहिल्या प्रकरणाच्या वेळी मला इतका आनंद होता की दप्तर टाकून मी तशीच लिहायला बसले. तीन वर्षं जिची वाट बघितली ती गोष्ट जगात सगळ्यांच्या आधी मला कळणार होती. चार पानं लिहिली आणि काहीतरी चुकतंय असं वाटलं. त्या मुलांना एका झाडाखाली बंदूक सापडते. नुसती पडलेली. काडतुसांसकट. मग प्रत्येक प्रकरणात एक वाघ. चैत्रात धो धो कोसळणारा धबधबा, आणि त्याच्या काठी सगळी फळं एकाच वेळी पिकलेली. मुलांना भूक लागली की काहीतरी हाताशी येतंच. पहिल्या भागात त्या बहिणीला एक कंद शोधायला चार दिवस लागले होते आणि आम्ही वाचणारे तिच्याबरोबर चार दिवस उपाशी राहिलो होतो.

तिसऱ्या प्रकरणात श्रावणात मोह फुलला; खरा तो फुलतो होळीच्या सुमारास. मी पान घेऊन आप्पांकडे गेले.

"आप्पा, मोह श्रावणमा फुलस का?"

त्यांनी वर पाहिलं नाही. "पुन्याना पोरेसले कोठे समजस," म्हणाले.

मी परत येऊन बसले आणि श्रावणच लिहिला. आप्पा चुकतात असं मला वाटलं नव्हतं. ते त्या पुण्याच्या पोरांना फसवतायत असं वाटलं, आणि त्या पोरांत मीही होतेच की.

पण मोहाचं एक वेळ चाललं असतं. पाचव्या प्रकरणात म्हातारा आला. तो धावत येतो, मुलांच्या पायाशी बसतो, त्यांना मालक म्हणतो. तंबाखू मागतो. सावलीला भितो, पानाच्या आवाजाला भितो. अस्वलाची चाहूल लागताच तो झाडावर चढतो, धोतर फांदीला अडकतं, तो खाली पडतो, आणि मुलं पोट धरून हसतात. मग मुलगा बंदुकीने अस्वल मारतो. पुढे एका साहेबाची छावणी लागते. साहेब मुलांना घरी पोचवतो आणि म्हाताऱ्याला बक्षीस म्हणून आपला जुना कोट देतो. तो कोट घालून तो नाचतो. तिथे पुस्तक संपतं.

ते धोतराचं पान मी दोनदा लिहिलं, कारण पहिल्यांदा शाई सांडली. मुद्दाम सांडली असं मी पुढे स्वतःला सांगत आले, पण ते खरं नाही. हात लागला आणि सांडली. मग मी नवीन कागद घेतला आणि तेच पुन्हा लिहिलं, एकही शब्द न बदलता. आप्पांनी शेवटी विचारलं, "कशी वाटनी?" मी म्हटलं, चांगली. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि पानं बांधायला घेतली.

पुस्तक आलं. या वेळी पेटी लहान होती. मास्तरांनी एक दिवस वर्गात वाचलं, दुसऱ्या दिवशी वाचलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही. पत्रं अशी आलीच नाहीत. साताऱ्याचा एक मुलगा मात्र होता, पहिल्या भागाच्या वेळी त्याने दोनदा लिहिलं होतं. त्याचं एक कार्ड आलं. मीच ते आप्पांच्या हातात दिलं, म्हणून मजकूर मला ठाऊक आहे. पहिला भाग ज्यांनी लिहिला तेच आपण का, कृपया कळवावे, एवढंच होतं. खाली सही. आप्पांनी कार्ड उलटून पत्ता पाहिला, पुन्हा मजकूर पाहिला. त्याला उत्तर गेलं नाही.

त्यानंतर दिवाळीच्या आधीच्या बाजाराला एक बाई आमच्या दारात आली. डोक्यावर कुळथाची पाटी, बरोबर कोणी नाही. वय तिशीच्या आसपास. तिने सांगितलं की ती त्या म्हाताऱ्याची लेक. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. तिने पाटी उतरवली आणि बाप बसायचा तिथेच बसली. आई विहिरीवर गेली होती, आप्पा कचेरीत.

ती म्हणाली, पाड्याकडे येणाऱ्या शाळामास्तरांनी तिला पहिलं पुस्तक वाचून दाखवलं होतं. त्यात तिचा बाप होता. आता दुसरं निघालंय असं तिने ऐकलं होतं.

"मन्हा बाप त्यामा शे का?"

नाही म्हणून सांगता आलं असतं. मी हो म्हटलं.

"वाच," ती म्हणाली.

मी आतून पुस्तक आणलं. बंदूक, धबधब्याची पहिली चार प्रकरणं सोडून पुढचं वाचू लागले. मध्येच दोन ओळी गाळायची. ती मोठ्या ध्यानाने ऐकत होती, हात मांडीवर ठेवून. म्हाताऱ्याचं पान आलं. मी मालक हा शब्द गाळला. तंबाखू गाळली. झाडापाशी आले आणि पुढे काय गाळायचं ते सुचेना, कारण गाळून उरत काही नव्हतं. मी थांबले.

"वाच ना, बाई."

तेवढ्यात आप्पा आले. कचेरीच्या बाजूची पायरी चढून ते ओसरीच्या टोकाला उभे राहिले. माझ्या हातातलं पुस्तक त्यांनी पाहिलं, तिला पाहिलं, आणि ती कोण हे त्यांना कळलं असावं, कारण तिची चण बापाचीच होती. मला वाटलं ते मला थांबवतील. ते थांबवत नाहीत असं दिसल्यावर मी वाचलं. सगळं वाचलं. झाडावर चढणं, धोतर, पडणं, मुलांचं हसणं.

ती हसली नाही, रागावलीही नाही. तिने विचारलं, "हाऊ कोन शे?"

मी म्हटलं, "तुन्हा बाप."

"नही," ती म्हणाली. जणू मी बाजारात चुकीचं गाव सांगितलं होतं आणि ती दुरुस्त करत होती. "हाऊ मन्हा बाप नही."

मग तिने आपणहून सांगितलं. आप्पांकडे तिची पाठ होती, ते उभे आहेत हे तिला माहीत होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. हाक्याला पाड्यावरचे बारा-तेरा जण नेले होते. वेठच ती, नाही म्हणायची सोय नव्हती. बाप म्हातारा, त्याला नेऊ नका म्हणून तिने हात जोडले. पण शिपायाने आणलेल्या चिठ्ठीत जितकी माणसं लिहिली होती तितकी हवी होती. डबे बडवत रान उठवताना झुडपातून अस्वलीण उठली, पोटाशी पिल्लू. बाकीचे पळाले. तो पळाला नाही. उभा राहिला आणि तिच्याशी बोलायला लागला. अस्वलीण वळली होती, असं लेक म्हणाली. पळणाऱ्यांतल्या दोघांनी ते पाहिलं. ती वळून निघाली होती, आणि मचाणावरून पाहुण्या साहेबाने गोळी घातली. गोळी तिच्या मागच्या पायाला लागली. मग ती बापावर आली.

"तो पळना नही," ती पुन्हा म्हणाली. "ते लिखेल शे का त्यामा?"

मी नाही म्हटलं.

तिने पाटी उचलली. मी हात लावायला पुढे झाले, पण तिने स्वतःच डोक्यावर घेतली. जाताना आप्पांच्या बाजूने गेली. त्यांनी तोंड उघडलं होतं. ती थांबली नाही. बाजार अजून भरलेला होता आणि तिला कुळीथ विकायचा होता.

आप्पा ओसरीत बसले. आई विहिरीवरून आली, तिने आमच्याकडे पाहिलं आणि घागर घेऊन आत गेली. मग आप्पा म्हणाले, "ती चिठ्ठी मी लिखेल व्हती."

मला आधी समजलं नाही. मला वाटलं ते त्या साताऱ्याच्या मुलाला उत्तर लिहिल्याचं सांगतायत. मग समजलं. साहेबांनी तोंडी सांगितलं होतं, अमुक पाड्यावरून हाक्याला इतकी माणसं, आणि आप्पांनी नेहमीसारखं वळणदार अक्षरात ते उतरवून शिपायाच्या हाती दिलं होतं. पाड्याचं नाव लिहिताना तो त्या म्हाताऱ्याचा पाडा आहे हे त्यांना माहीत होतं. इतकी माणसं म्हणजे म्हातारेसुद्धा जातील हेही कळत होतं. साहेबांपाशी एक शब्द टाकता आला असता. सागाच्या खटल्यात टाकला होता. या वेळी टाकला नाही, कारण पाहुणे मोठे होते आणि साहेब घाईत होते.

"मंग तुम्ही त्याले तसा कसाले लिखा?" मी विचारलं. त्यांना असा प्रश्न मी आयुष्यात पहिल्यांदाच विचारला.

ते तुटक तुटक जे म्हणाले त्याचा अर्थ असा होता की लिहायला बसलं की तो खराखुरा समोर येऊन बसायचा आणि हात चालायचा नाही. तो वेडाबागडा केला तेव्हाच पानं पुढे सरकली. हे त्यांनी सबब म्हणून सांगितलं नाही. सांगून झाल्यावर हात पसरून बघत राहिले.

मला त्यांची दया आली असं लिहिलं तर शोभून दिसेल. दया आली नाही. मला राग आला होता, आणि तो निम्मा माझ्यावर होता. पहिलं पुस्तक वाचून मी आप्पांना फार मोठं समजत होते. दुसऱ्याची प्रत करताना ते माझ्या नजरेतून उतरत गेले होते, आणि त्या दुपारी ते एक सरकारी कारकून राहिले, ज्याने हुकमाबरहुकूम लिहिलं. मी पण तेच केलं होतं. त्यांनी ठेवलेलं पान उतरवून काढलं होतं.

तिसरा भाग झाला नाही. प्रकाशकानेही विचारलं नाही. दुसऱ्या भागाच्या उरलेल्या प्रती घरात होत्या, त्या आप्पांनी कोणाला दिल्या नाहीत आणि जाळल्याही नाहीत. पहिल्या भागाची मागणी मात्र मधूनमधून यायची. कोणी पाहुणा घरी आला आणि त्याने त्या पुस्तकाचं कौतुक केलं की आप्पा उठून बाहेर जात. पेन्शन झाल्यावर आम्ही नंदुरबारला राहायला आलो. तिथे ते स्टेशनपर्यंत फिरून येत, वर्तमानपत्र वाचत, आणि कोणी अर्ज लिहून मागितला तर लिहून देत नसत.

मी मास्तरीण झाले. लढाई संपल्यानंतरच्या वर्षी, उन्हाळ्याच्या सुट्टीत, मी तो पाडा शोधत गेले. पहिल्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघणार होती आणि त्यात म्हाताऱ्याचं नाव आणि तो कसा गेला ते छापावं असं मी आप्पांकडून कबूल करून घेतलं होतं. पण त्याचं पुरं नाव आम्हाला ठाऊकच नव्हतं. खटल्याच्या कागदावर होतं, पण ते जुने कागद कचेरीत सापडले नाहीत. लेकीला विचारलं तर कळेल असं वाटलं.

शहाद्यापर्यंत मोटारीने, पुढे बैलगाडीने, मग चार तास पायी. पाड्यावर नऊ-दहा घरं होती, एकमेकांपासून लांब लांब. एका म्हाताऱ्या बाईने मला खाटेवर बसवलं. मी कोणाला शोधतेय हे समजायला तिला वेळ लागला. मग तिने हाताने खालच्या उताराकडे दाखवलं. तिथे चार खांब उभे होते, वर छप्पर नव्हतं. ती लेक नवऱ्यासोबत सुरतेकडे मजुरीला गेली होती. दर वर्षी जायची, पावसाआधी परतायची. या खेपेला दोन पावसाळे गेले, आली नाही. तिकडे पटकीची साथ होती असं कोणी सांगत होतं. कोणी म्हणत होतं की तिथेच राहिली असेल.

मी तिच्या बापाचं नाव विचारलं. म्हातारीने सांगितलं ते मेलेल्या माणसाचं नव्हे, त्याच्या भावाचं होतं असं मागून आलेल्या एका माणसाने सांगितलं, आणि दोघांत त्यावरून बोलाचाली झाली. शेवटी त्यांनी मला दोन नावं सांगितली. त्यातलं कोणतं खरं ते मला ठरवता आलं नाही, म्हणून कोणतंच छापलं नाही.

मी परत आले तेव्हा आप्पा दारातच खुर्ची टाकून बसले होते. दोन दिवस तसेच बसत होते असं आई म्हणाली.

"भेटनी का?" त्यांनी विचारलं.

"नही."

"कोठे गयी?"

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पायाखालची चप्पल सारखी केली, आणि आईला म्हणाले की पोरगी चालून आली आहे, तिला आधी पाय धुवायला पाणी दे.